सूप मागायचं नसतं

"तीता नेनिता, सूप फुकटच आहे ना?"

भर दुपारी, सगळी बाकं भरलेली असताना, भाषणाच्या स्पर्धेत लावते तसला आवाज लावून मी हे विचारलं. आमच्याच खानावळीत. माझ्या सख्ख्या आत्याला.

पैज माझ्या मैत्रिणीची, बिंगची. "स्टेजवर वाघीण आणि आत्यापुढे उंदीर," ती म्हणाली होती. "विचारून दाखव. नाहीतर आठवडाभर माझं दप्तर तू उचलायचंस." आमची तिसरी मैत्रीण क्लॅरिस बर्फ चघळत नुसती खिदळत होती. आणि खरं सांगते, पैज नसती तरी मी कधीतरी विचारलंच असतं. मागच्या ऑगस्टपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. मग बाईंनी मला भाषणाच्या स्पर्धेत ढकललं, मी पहिली आले, आणि तेव्हापासून माझं तोंड उघडलं ते उघडलंच. माझी आई, नानाय, म्हणते, नळाची चकती गेली आहे या पोरीच्या.

तीताने पावत्यांच्या यंत्रावरून मान वर केली. गडद लिपस्टिक, दुबईचं अत्तर, छातीवर स्वतःचं नाव भरलेला एप्रन.

"पंधरा पेसो," ती माझ्याहून मोठ्याने म्हणाली. "फुकट काय असतं गं जगात? वारासुद्धा पंख्याने येतो आणि पंख्याचं बिल येतं. ज्याला सूप हवंय त्याने काउंटरवर सांगायचं, पावती घ्यायची. ऐकलं ना सगळ्यांनी?"

सगळ्यांनी ऐकलं. चमचे थांबले. मला वाटलं होतं लोक हसतील, कोणीतरी टेबल बडवील, "बरोबर बोलली पोरगी" म्हणेल. कोणी वरसुद्धा पाहिलं नाही. बिंगने तर मान इतकी खाली घातली की तिचे केस भातात. कारण कोपऱ्यात, पंख्याखाली, तिचे आजोबा बसले होते. मांग तेबान. वयस्क माणसाला आम्ही आदराने मांग म्हणतो. त्यांच्या हातात आमचा लाल प्लास्टिकचा पेला होता, पाण्याचा असतो ना, तो. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि आपल्यापासून लांब सरकवला.

पेल्याचं मला तेव्हा काही कळलं नाही. पैज मी जिंकले होते आणि रागाने माझे कान गरम झाले होते, एवढंच.

राग कशाचा ते सांगते. आमची खानावळ मारिकिना शहरात, बुटांच्या कारखान्यांच्या गल्लीत. कारखाने म्हणजे मोठं काही नाही, घरांच्या पडव्याच. तिथे बसून लोक दिवसभर तळ कापतात, कातडं ताणतात, गोंद लावतात, आणि दुपारी पिवळ्या झालेल्या बोटांनी आमच्याकडे जेवायला येतात. पूर्वी पातेली समोर उघड्यावर मांडलेली असत. येणारा प्रत्येकजण एकेक झाकण उचलणार, नाक आत घालणार, "मेलिंडा, आज डुकराचं मटण फिकट दिसतंय, आजारी होतं का?" असलं काहीतरी बोलणार, नानाय पळी उगारणार, आणि मग तो बोट दाखवणार. हे अर्धं. ते पूर्ण. वांग्याचं ऑम्लेट एक. आज शुक्रवार ना, मग मूग द्या.

सूप मात्र कोणी बोट दाखवून घेत नसे. सूप यायचं. माणूस बाकावर टेकतो न टेकतो तोच वाडगा पुढ्यात. हाडांचं, मिरीचं, वर कांद्याची पात. ज्याने दोन भाज्या आणि मटण घेतलं त्याच्यापुढेही आणि ज्याने नुसता भात घेतला त्याच्यापुढेही. नुसता भातवाला त्यात लिंबू पिळायचा, टेबलावरच्या बाटलीतून सोया सॉस मारायचा, भातावर ओतायचा आणि पोटभर जेवायचा. शेजारचा त्याच्या ताटात बघत नसे. बघायचंच नसतं. बूट वर्षातून दोनदा खपतात, शाळा उघडताना आणि नाताळात. मधल्या महिन्यांत आज याच्या ताटात नुसता भात, उद्या त्याच्या. आणि पगार झाला की हेच मांग तेबान तंगडीचा सगळ्यात मोठा तुकडा घेऊन त्यातला अर्धा शेजाऱ्याच्या ताटात टाकायचे, न विचारता, दुसरीकडे बघत.

मग सप्टेंबरात तीता नेनिता दुबईहून कायमची परत आली.

ती माझ्या वडिलांची, म्हणजे तातायची, थोरली बहीण. आजी-आजोबा गेले तेव्हा तिने चर्चच्या दारात तांदळाचे केक विकून तातायला वाढवलं. नंतर दुबईच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये राबली. हे सगळं मला पाठ आहे, कारण ताताय ते वर्षातून चारदा सांगतात, आणि दर वेळी त्यांचे डोळे भरतात. मलाही वाईट वाटायचं. अजूनही वाटतं. पण म्हणून काय?

ती आली आणि तिने खानावळीत पैसा ओतला. फरशी, दिवे, काचेचं कपाट. पातेली काचेमागे गेली. "झाकण उघडू नये" अशी पाटी लागली, जणू कोणी उघडू शकणार होतं. बोट दाखवणं बंद, भिंतीवरच्या फलकावरून नंबर सांगायचा. सोया सॉसच्या बाटल्या टेबलांवरून उठल्या. आणि दारावरचं नाव बदललं. एडगार्डो आणि मेलिंडा मिळून एडमेलिन, ती मी, आणि माझ्या जन्मापासून खानावळीचंही तेच नाव. आता तिथे "शेफ नेनिता" लिहिलंय, शेजारी हसणारा टोमॅटो.

आणि शेवटी सूप. तेही पावतीवर गेलं.

नानाय काही बोलली नाही. ताताय काही बोलले नाहीत. का, तर माझी शाळा! दहावीनंतरच्या दोन वर्षांसाठी तीता मला टेकडीवरच्या खाजगी शाळेत घालणार होती. फी तिची. मी प्रवेश परीक्षा पास झाले होते, निळ्या चौकटीच्या स्कर्टचं माप देऊन झालं होतं. त्या शाळेत मखमली पडद्याचं सभागृह आहे. त्यांचा वादविवादाचा संघ विमानाने सेबूला जातो. मी आरशासमोर उभी राहून "माननीय परीक्षक" म्हणायची प्रॅक्टिस करायचे. मला ती शाळा इतकी हवी होती की टेकडीकडे बघितलं तरी पोटात गुदगुल्या व्हायच्या.

तर पैजेच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेतून जेवायला आले, आणि तीता टेबलांवर नवे पेले मांडत होती. काचेचे. आरपार दिसणारे.

"लाल पेले काय दरिद्री दिसतात," ती म्हणाली. "आणि काल लक्षात आलं माझ्या, कोण काय पितंय ते कळतच नाही त्यात." मग नानायकडे न बघता म्हणाली, "हो ना, मेलिंडा?"

नानाय म्हणाली, "हो, आते." नणंदेला ती आते म्हणते, म्हणजे ताई.

तीता बाहेर गेली तशी नानायने मला मनगटाला धरून मागे मोरीपाशी नेलं. तिचा हात ओला होता.

"झालं समाधान?"

"मी काय केलं?"

"काय केलं! अगं, करंटे पोरी, चार महिने मी त्या लाल पेल्यांतून सूप देत होते. पाण्याच्या नावाखाली. तुझी आत्या समोर बसून बघायची, लोक पाणी पिताहेत. सगळ्यांना माहीत होतं, कोणी एक शब्द काढला नाही. बाकाच्या टोकाला बसणारा तो बडबड्यासुद्धा बोलला नाही! आणि तू, माझी पोर, माझ्या पोटची, भर पंगतीत उभी राहून विचारतेस, सूप फुकट आहे का?"

"पण नानाय, फुकट असायलाच हवं! मी बरोबरच..."

"बरोबर गेलं खड्ड्यात. इथे सूप कधी कोणी मागितलंय? ते मागायचं नसतं. मागितलं की नाही म्हणता येतं. आणि एकदा सगळ्यांदेखत नाही म्हटलं की मग जो पावती न घेता बसेल तो कोण आहे हे सगळ्यांना दिसतं."

मला रडू आलं नाही. मला राग आला. नानायचा, तीताचा, बिंगचा, त्या काचेच्या पेल्यांचा. आणि सगळ्यात जास्त माझा, पण तो कसा काढायचा ते मला माहीत नव्हतं म्हणून मी मोरीतलं पातेलं इतकं घासलं की नानायने ते हिसकावून घेतलं. "त्याचा काय दोष?" ती म्हणाली.

तेवढ्यात बाहेरून मांग तेबान जाताना दिसले. हातात टोपी, पाय कारखान्याकडे. नानाय धावत दारात गेली.

"मांग तेबान! या, जेवायला बसा!"

"जेवून आलो गं मेलिंडा," ते पोटावर हात फिरवत म्हणाले. "तुडुंब झालंय बघ."

गल्लीतून जाणाऱ्या कोणालाही आम्ही जेवायला हाक मारतो आणि कोणीही हेच उत्तर देतो. रोज. पण मांग तेबानना नानाय कधी हाक मारत नसे, कारण ते जाणारे नव्हते, येणारे होते.

शनिवारी बिंगने मला शाळेच्या फाटकाजवळ गाठलं. पैजेनंतर ती माझ्याशी बोललीच नव्हती. क्लॅरिस मधे उभी, पंचासारखी.

"माझे लोलो आता घरी येतात दुपारी," बिंग म्हणाली. आजोबांना ती लोलो म्हणते. "उन्हातनं एवढं चालत. आणि घरी काय असतं दुपारी? सकाळचा भात. काल मीठ लावून खाल्ला त्यांनी, माझ्यासमोर."

"मग मला काय सांगतेस? पैज कोणी लावली?"

"मी तुला आत्याला चिडवायला सांगितलं होतं, माझ्या लोलोंना उठवायला नाही!"

"मला काय माहीत त्यांच्या पेल्यात काय होतं!"

"मला तरी कुठे माहीत होतं!" ती ओरडली, आणि तिचा आवाज फाटला. "मी एवढी वर्षं त्यांच्याबरोबर राहते आणि त्या दिवशी त्यांचं ताट बघेपर्यंत मला वाटायचं ते तुमच्याकडे मटण खातात. घरी येऊन सांगायचे, आज मेलिंडाने काय तंगडी केली होती म्हणून. वासासकट सांगायचे."

क्लॅरिसने खिशातून चुरगळलेला रुमाल काढून तिच्या हातात कोंबला. मग बिंग नाक शिंकरत म्हणाली, "आणि विचारलं तुम्ही का जात नाही आता, तर म्हणतात, मेलिंडाचा हात खारट झालाय. सगळ्यांना तेच सांगतात. शेजारच्या कापणाऱ्यांनासुद्धा."

माझ्या आईचा हात खारट! त्या माणसाने तिच्या हातचं मी जन्मायच्या आधीपासून खाल्लंय. आणि मग मला ते समजलं, आणि समजल्यावर जास्तच वाईट वाटलं. नुसता भात परवडतो हे सांगण्यापेक्षा जेवणाला नावं ठेवणं त्यांना सोपं होतं. त्यात जेवण सोडल्याची लाज नव्हती, उलट चोखंदळपणा होता.

आठवड्याभरात तो खारटपणा पूर्ण गल्लीत पसरला. टाके घालणाऱ्या बायका म्हणाल्या, खारट. गोंदवाले म्हणाले, खारट. पंख्याखालचं बाक रिकामं, त्याच्या मागचं रिकामं. शाळकरी पोरं तेवढी यायची, मोबाइलवर जेवणाचे फोटो काढायची, आणि टोमॅटोच्या पाटीखाली जीभ काढून उभी राहायची.

आणि मग मंगळवारी, उरलीसुरली गिऱ्हाइकं जेवत असताना, तीता नेनिता काउंटरवरून नानायला म्हणाली, "मेलिंडा, तक्रारी येताहेत. मीठ कमी कर. मी दुबईत असताना एक पदार्थ खारट झाला तर शेफ अख्खा ट्रे कचऱ्यात ओतायला लावायचा. तुला अंदाज येत नसेल तर मोजायचा चमचा घे, लाजू नको."

शपथ सांगते, मला वाटलं आता नानाय पळी फेकणार. मी वाट बघत होते. फेक, फेक, मनात म्हणत होते. जिच्या मुगासाठी पलीकडच्या गल्लीतून माणसं डबे घेऊन यायची तिला मोजायचा चमचा!

नानाय म्हणाली, "बरं, आते."

मी तातायकडे बघितलं. ते मागे लसूण सोलत होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांचा सुरीवाला हात थांबला होता. मग तो पुन्हा चालू झाला.

तीताच्या मनात खोट नव्हती, हे मलाही कळतं. तिला खरंच वाटत होतं की मीठ जास्त आहे. तिला खरंच वाटत होतं की ती आम्हाला वर काढतेय. पण तिच्या चांगुलपणाखाली माझे आईबाप असे चपटे झाले होते की जमिनीवरून उचलायला उलथनं लागलं असतं.

दुपारनंतर तीता केस रंगवायला गेली. खानावळ रिकामी. ताताय बाकावर पाय वर घेऊन बसलेले, नानाय काचेचे पेले पुसत. मी दप्तर टेबलावर आपटलं.

"जेवण खारट नाही," मी म्हणाले.

"माहीत आहे," नानाय म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस? तुम्ही का नाही सांगितलं, ताताय? तुमची बायको आहे ती! लोक सूप मिळत नाही म्हणून येत नाहीत, आणि तुम्ही तिथे बसून लसूण सोलता!"

"आवाज खाली," ताताय म्हणाले.

"नाही होत खाली. बिघडलाय तो."

"एडमेलिन, ती माझी थोरली बहीण आहे. तिने उपाशी राहून मला भरवलंय. मी तिला कोणत्या तोंडाने सांगू?"

"मग तर तिला कळायला हवं उपाशी राहणं म्हणजे काय!"

तातायनी पाय खाली घेतले. मग हळू म्हणाले, "कळतं तिला. म्हणूनच तिला ते बघवत नाही. नुसता भात खाणारा माणूस दिसला की ती तोंड फिरवते, पाहिलंयस? तिला वाटतं ही चकचकीत फरशी घातली की तसली माणसं इथे नसतील."

"नाहीतच आता! जिंकली ती!"

"एडमेलिन!" नानायने पेला ठेवला. "बास. दोन वर्षं. फक्त दोन वर्षं कळ काढायची आहे. तुझं शिक्षण होऊ दे टेकडीवर, मग बघू. तू तिथे जायला हवीस. तुझं डोकं आहे, तुझा आवाज आहे. दोन वर्षं मी खारट म्हणवून घेईन, मला काही होत नाही."

"आणि मांग तेबान? ते दोन वर्षं मीठभात खाणार का, माझ्या स्कर्टसाठी?"

ताताय बाकाच्या कडेची फळी नखाने खरवडत राहिले.

मला तो पडदा दिसला. लाल मखमली, मधोमध सोनेरी दोरी. विमानसुद्धा दिसलं, आणि त्यात खिडकीपाशी मी. अगदी स्पष्ट. पण राग त्याच्याहून मोठा होता, आणि या वेळी तो कोणावर आहे हे मला नीट माहीत होतं. मला माझ्याच नावाने गप्प बसवलं जात होतं. माझं नाव दारावरून काढलं तेव्हा मला जितका राग आला नव्हता तितका आता आला, कारण आता ते नाव त्या दोघांच्या तोंडात बोळ्यासारखं कोंबलेलं होतं.

मी बाकावर चढले. सवयच आहे मला आता, उंचावर उभं राहिलं की शब्द बरोबर येतात.

"खाली उतर, नवी फरशी आहे, घसरशील," नानाय म्हणाली.

"ऐका," मी म्हणाले. "मी टेकडीवरच्या शाळेत जाणार नाही. उद्या सकाळी मी स्वतः जाऊन नाव काढून येणार आहे, आणि संध्याकाळी तीताला मीच सांगणार आहे, तुम्ही नाही. तिचे आभारही मानीन, पाया पडून मानीन. पण अकरावी-बारावी मी इथेच करणार, सरकारी शाळेत, बिंगबरोबर. भाषणं तिथेही होतात, माईक खरखरतो एवढंच. तेव्हा तुम्हाला तिच्यापुढे गप्प बसायचं असेल तर बसा, पण आजपासून माझ्यासाठी गप्प बसलोय असं म्हणायचं नाही."